दीर्घ नेत्रगोल आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या : एका संकल्पनेचा इतिहास

मराठी व्यवहारात निकटदृष्टितेचा उल्लेख बहुधा एका आकड्याने होतो. अमक्याला 'चष्मा लागला', तमक्याचा 'नंबर वाढला', असे आपण म्हणतो. आणि तो नंबर दोन असो वा बारा, योग्य भिंग मिळाले की प्रश्न सुटला असे मानतो. वस्तुतः उणे सहा डायॉप्टर किंवा त्याहून अधिक निकटदृष्टिता तीव्र समजली जाते, आणि अशा डोळ्यात केवळ प्रतिमेचे स्थान चुकलेले नसते. नेत्रगोलाच्या मागील भागाची घडण, तेथील रक्तवाहिन्यांची मांडणी आणि पुष्कळदा कालांतराने दृष्टीचे बळही त्यात पालटते. हा भेद वैद्यकाच्या ध्यानात कसा आला, आणि त्यात साधनांचा व शब्दांचा वाटा किती, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. लेखक भाषेचा अभ्यासक आहे, वैद्य नव्हे. म्हणून शब्दांपासून आरंभ करणे त्यास उचित वाटते.

१. नावांचा साक्षीपुरावा

'मायोपिया' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ 'डोळे मिटणारा' असा आहे. दूरचे पाहताना असा मनुष्य पापण्या अर्धवट मिटतो. प्रकाशाची वाट अरुंद झाल्याने प्रतिमा किंचित स्पष्ट होते. आपल्याकडील 'मिचमिचे डोळे' या प्रयोगात तेच निरीक्षण आहे. दोन्ही भाषांनी बाहेरून दिसणारे लक्षण टिपले. आत काय घडते हे सांगण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

'रेटिना' या नावाची कथा अधिक बोधप्रद आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या पटलास मासे धरण्याच्या जाळ्याची उपमा दिली. अरबी वैद्यकाने तिचे भाषांतर केले आणि अरबीतून लॅटिनमध्ये येताना 'जाळे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'रेटिना' हे नाव रूढ झाले. उपमा पटलाच्या आकाराची होती की त्यातील वाहिन्यांच्या विणीची, याविषयी मतभेद आहेत. मराठीत आपण 'दृष्टिपटल' म्हणतो. 'पटल' हा शब्द सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आढळतो. तेथे पापण्यांची दोन आणि डोळ्यातील चार अशी सहा पटले सांगितली असून, आतील पटलांत दोष शिरल्याने दृष्टी कशी बिघडते याचे वर्णन आहे. मात्र सुश्रुतोक्त पटल म्हणजेच आजचे दृष्टिपटल, असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. शब्द तोच राहिला, त्याचा विषय बदलला. मराठी नावात 'दृष्टी' आली, पण जाळे हरवले. आणि प्रस्तुत विषय तर त्या जाळ्याचाच आहे.

२. प्रतिमेकडून नेत्रगोलाकडे

योहानेस केप्लर यांनी १६०४ मध्ये प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते असे प्रतिपादन केले आणि निकटदृष्टी मनुष्याच्या डोळ्यात दूरच्या वस्तूपासून येणारे किरण पटलाच्या अलीकडेच एकत्र येतात, असा उलगडा केला. हा सिद्धान्त आजही मान्य आहे. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. निकटदृष्टिता हा प्रकाशशास्त्राचा विषय ठरला, आणि त्यावरील उपाय भिंगे घासणाऱ्या कारागिराच्या हाती गेला. डोळा रोगी असू शकेल, हा विचार मागे पडला.

इटलीतील शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो स्कार्पा यांनी १८०१ मध्ये, मृत्यूनंतर तपासलेल्या नेत्रगोलांत मागील बाजूस आलेल्या फुगवट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या फुगवट्याचे 'स्टॅफिलोमा' हे नाव द्राक्षघोसाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पण त्याचा निकटदृष्टितेशी संबंध स्कार्पा यांनी जोडला नाही. तो जोडला गेला पन्नासहून अधिक वर्षांनी. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५४ मध्ये आणि फर्डिनांड आर्ल्ट यांनी १८५६ मध्ये दाखविले की, अशा डोळ्यांची लांबीच अधिक असते. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. तीव्र निकटदृष्टितेत ही लांबी साधारणतः २६ मिलिमीटरांच्या पुढे जाते. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक किरकोळ वाटेल. पण एका मिलिमीटरमागे सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरांचा फरक पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

उट्रेख्त येथील फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात वक्रीभवनाचे दोष व्यवस्थित वर्गीकृत केले. भिंगांचे शास्त्र ज्यांनी शिस्तीत बसविले, त्यांनीच निकटदृष्टी डोळा हा रोगी डोळा होय असे निःसंदिग्धपणे बजावले, हे विशेष होय. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, हेर्मान कोन यांनी ब्रेस्लाउ व परिसरातील १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. वरच्या वर्गांत निकटदृष्टितेचे प्रमाण वाढत जाते, असे तीत आढळले. तेव्हापासून चर्चेचा ओघ बाके, छपाईची अक्षरे आणि वाचनाच्या सवयी यांकडे वळला. तो विषय महत्त्वाचा खराच. परंतु वाचणाऱ्या मुलाला दोष देण्याच्या भरात, वाढलेल्या डोळ्याच्या आत काय होते हा प्रश्न काही काळ मोजक्या तज्ज्ञांपुरताच उरला.

३. वाहिन्या दिसू लागतात

जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या प्रथम पाहिल्या गेल्या त्या बाहेरून नव्हे, आतून. पुर्किन्ये यांनी १८१९ मध्ये, विशिष्ट रीतीने प्रकाश टाकल्यास मनुष्यास स्वतःच्याच वाहिन्यांची छाया झाडाच्या फांद्यांसारखी दिसते, हे वर्णिले. हाइन्रिख म्यूलर यांनी १८५५ मध्ये त्या छायेच्या हालचालीवरून गणित मांडले आणि प्रकाश ग्रहण करणारा थर वाहिन्यांच्या मागे आहे असे सिद्ध केले. दरम्यान १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. डोळ्याचा तळ आता वैद्याला प्रत्यक्ष पाहता येऊ लागला.

येथे रचनेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. दृष्टिपटलाला रक्त दोन मार्गांनी मिळते. आतील थरांना मध्यवर्ती रोहिणीच्या शाखा पुरवठा करतात. प्रकाश ग्रहण करणाऱ्या बाहेरच्या थराची भिस्त मात्र पाठीमागच्या कोरॉइडवर असते. या वाहिनीबहुल थरास येथे 'वाहिनीपटल' म्हणू. सूक्ष्म दृष्टीच्या मध्यबिंदूत तर दृष्टिपटलाच्या स्वतःच्या वाहिन्या नसतातच. म्हणून डोळा ताणला गेला की दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. दृष्टिपटलाच्या वाहिन्या सरळ व अरुंद होतात, आणि कानशिलाकडे जाणाऱ्या त्यांच्या कमानी एकमेकींच्या जवळ ओढल्या जातात. वाहिनीपटल मात्र विरळ होते, आणि दृष्टीला अधिक धोका याच बाजूने असतो.

या अवस्थांना वैद्यांनी दिलेली नावे घरगुती वस्तूंची आहेत. वाहिनीपटलाच्या मोठ्या वाहिन्या पातळ झालेल्या थरातून दिसू लागल्या की तळ 'फरशीसारखा' किंवा 'वाघाच्या कातड्यासारखा' दिसतो असे म्हणतात. वाहिनीपटल व दृष्टिपटल यांमधील पातळ पापुद्रा फाटला की त्या रेषांना 'रोगणाचे तडे' हे नाव आहे. या तड्यांतून वाहिनीपटलाच्या नव्या, नाजूक वाहिन्या वर येतात, पाझरतात, रक्तस्राव करतात. आणि रुग्णाला दाराची चौकट वाकडी दिसू लागते. फ्योर्स्टर यांनी १८६२ मध्ये आणि एर्न्स्ट फुक्स यांनी १९०१ मध्ये मध्यभागी पडणाऱ्या अशा डागाचे वर्णन केले. तो काळा डाग आजही फुक्स यांच्या नावाने ओळखला जातो. डाग दिसत होता, परंतु त्यामागील रक्तप्रवाह दिसत नव्हता. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे दोन वैद्यकीय विद्यार्थी, नोव्हॉट्नी व अल्व्हिस, यांनी फ्लुओरेसीन हा रंग शिरेतून देऊन दृष्टिपटलाच्या वाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ही उणीव पुष्कळशी दूर झाली. फुगवट्यांचे दहा प्रकार कर्टिन यांनी १९७७ मध्ये सांगितले.

४. मापनाचा मोह आणि त्याची मर्यादा

१९९१ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचा छेद दाखविणारी पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्या पुढील सुधारणांमुळे वाहिनीपटलाची जाडी जिवंत डोळ्यात मोजता येऊ लागली. २००९ मधील दोन अभ्यासांत निरोगी डोळ्यांत ही जाडी सरासरी सुमारे २८७ मायक्रॉन, तर तीव्र निकटदृष्टी डोळ्यांत सुमारे ९३ मायक्रॉन भरली. दुसऱ्या गटातील व्यक्ती वयाने अधिक होत्या व वयानेही हा थर पातळ होतो, हे लक्षात घेऊनही अंतर मोठेच आहे. गेल्या दशकात तर रंग न देताही केशवाहिन्यांचे जाळे दिसू लागले, आणि तीव्र निकटदृष्टितेत ते विरळ असल्याचे अनेक अभ्यासांत नमूद झाले.

परंतु येथे सावध राहणे अवश्य आहे. लांब डोळ्यात यंत्राची ठराविक कोनातील दृष्टी प्रत्यक्षात अधिक मोठे क्षेत्र व्यापते. परिणामी वाहिन्या आहेत त्याहून अरुंद भासतात. लिटमान यांनी १९८२ मध्ये या दोषाच्या निरसनाचे सूत्र मांडले होते. तरीही सर्वच अभ्यासकांनी ते वापरले आहे असे नाही. दुसरा प्रश्न कार्यकारणाचा आहे. वाहिन्या कमी झाल्या म्हणून पटल झिजते, की ताणाने पटल पातळ झाल्यावर त्याची गरज घटून वाहिन्या कमी होतात? एकाच वेळी घेतलेल्या चित्रावरून याचे उत्तर मिळू शकत नाही. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही अडचण परिचित आहे : साहचर्य म्हणजे कारण नव्हे.

५. समारोप

२०१५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या विकृतींची पायरीवार श्रेणी निश्चित केली. नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे रॅनिबिझुमॅब हे औषध या विकारासाठी युरोपात २०१३ मध्ये मान्य झाले. डोळ्यात सुईने देण्याच्या या औषधाने अनेकांची दृष्टी सावरते. मात्र वाहिनीपटल एकदा झिजले की ते भरून आणणारा उपाय अद्याप नाही. म्हणून वेळ ही येथे निर्णायक ठरते. २०१६ मधील एका अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत जगातील सुमारे दहा टक्के लोक तीव्र निकटदृष्टी असतील.

या पार्श्वभूमीवर 'नंबर' या शब्दाकडे पुन्हा पाहावे. तो केप्लर यांच्या प्रकाशशास्त्राचा वारस आहे. प्रतिमेचे स्थान तो अचूक सांगतो. डॉन्डर्स यांनी ज्या रोगी डोळ्याविषयी बजावले होते, त्याचा मात्र त्यात मागमूस नाही. चष्म्याने प्रतिमा जागेवर येते, ताणलेला डोळा आखूड होत नाही. ज्यास एवढे समजले तो उणे दहाचा चष्मा लावून स्वस्थ बसणार नाही. बाहुल्या विस्फारून डोळ्याचा तळ वेळोवेळी तपासून घेईल, आणि ओळी वाकड्या दिसताच नव्या चष्म्याची वाट न पाहता वैद्याकडे जाईल. परिभाषा घडविणाऱ्यांनीही याची दखल घ्यावी. दृष्टिदोष आणि नेत्ररोग या दोहोंना एकच आकडा पुरवून आपण चालवून घेतो, तोवर जाळे विरत असूनही ते आपल्या बोलण्यात येत नाही. आणि जे बोलण्यात येत नाही, ते तपासण्याची आठवण सहसा कोणास होत नाही.