गाविलगडापुढील तोफांची निवड



अकोल्याहून उत्तरेकडे अकोटच्या वाटेनें निघालें कीं, सातपुड्याची निळसर भिंत हळूहळू वर येऊं लागते. त्या भिंतीवर आपल्या वऱ्हाडचे दोन जुने पहारेकरी उभे आहेत : अकोटजवळचा नरनाळा आणि त्याच्या पूर्वेस चिखलदऱ्यापाशीं गाविलगड. दोन्ही किल्ल्यांवर मोठाल्या तोफा अद्यापि पडलेल्या दिसतात. पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम तोफेच्या तोंडाशीं उभा राहतो आणि विचारतो, "हिचा गोळा किती दूर जात असेल ?" प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु तो अर्धाच आहे. तोफ कोणत्या कामासाठीं निवडली व कोठें नेऊन उभी केली, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. आणि १८०३ च्या डिसेंबरांत वऱ्हाडचें भवितव्य ठरविण्यांत या दुसऱ्या भागाचा वांटा फार मोठा होता.

त्या काळची तोफ म्हणजे आंतून गुळगुळीत अशी नळी. इंग्रज लोक तिची मोजणी गोळ्याच्या वजनावरून करीत. बारा पौंडांचा गोळा फेकणारी ती बारापौंडी, अठरा पौंडांचा फेकणारी ती अठरापौंडी. अठरापौंडीचें तोंड सुमारें सव्वापांच इंच रुंद असे. गोळा नळींत सहज उतरावा म्हणून तो तोंडाहून किंचित् लहान ठेवीत. त्यामुळें सुटतांना तो नळीच्या कडांवर आपटत बाहेर पडे व अंतर वाढेल तसतसा नेम बिघडत जाई. शिवाय हवेच्या अडथळ्यानें त्याचा वेगहि झपाट्यानें कमी होई. गोळा मैलभर जाणें वेगळें आणि मैलावरची भिंत फोडणें वेगळें ! भिंतीस खिंडार पाडावयाचें तर तोफ होईल तितकी जवळ नेऊन एकाच जागीं गोळ्यामागून गोळा मारावा लागे.

धातूचाहि विचार असे. ज्यांना पितळी तोफा म्हणत, त्या वस्तुतः तांबें व कथील यांच्या मिश्रणाच्या असत. त्या हलक्या, रणांगणावर चटकन् वळविण्याजोग्या. परंतु सतत मारा केला कीं तापून नरम पडत. बिडाची तोफ जड खरी, पण ती दिवसभराचा मारा सोसणारी. अठरापौंडी बिडाच्या तोफेचें वजन दोन टनांच्या आसपास भरे. म्हणजे जी तोफ भिंत फोडील, तीच डोंगर चढावयास सर्वांत अवघड !

आतां प्रत्यक्ष हकीकतीकडे वळूं. असईच्या लढाईनंतर, २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं, आपल्या अकोला जिल्ह्यांतील अडगांवापाशीं इंग्रजांची नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशीं गांठ पडली. सिरसोली गांवाच्या आडून बाहेर पडणाऱ्या इंग्रजी पलटणींवर भोसल्यांच्या तोफांनीं असा मारा केला कीं, असईस न डगमगलेल्या तीन पलटणी माघारीं पळाल्या. जनरल आर्थर वेलस्लीनें, म्हणजे पुढें वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टननें, त्यांना स्वतः पुन्हां रांगेंत आणलें. दिवस मावळेपर्यंत भोसल्यांचें सैन्य मोडलें व अडतीस तोफा शत्रूच्या हातीं पडल्या. बेनीसिंग या किल्लेदाराचें निसटलेलें पायदळ गाविलगडाच्या आश्रयास गेलें.

गाविलगड म्हणजे एकांत एक असे दोन किल्ले आहेत. अहमदशहा बहामनीनें १४२५ मध्यें येथें बांधकाम केल्याचें फिरिस्ता सांगतो. दक्षिणेस कडा सरळ तुटलेला. उत्तरेस मात्र लबाडा गांवाच्या बाजूनें एक चिंचोळी डोंगरधार किल्ल्यास येऊन भिडते. दक्षिण बाजू मैदानापासून जवळ, पण तेथें चढून मारा करणें कठीण. उत्तर बाजू माऱ्यास सोयीची, पण तेथें पोंचावयास एलिचपुराहून तीसएक मैलांचा डोंगरी फेरा.

वेलस्लीनें खरा मारा उत्तरेकडूनच करण्याचें ठरविलें. कर्नल स्टीव्हन्सन ७ डिसेंबरास निघाला तो १२ तारखेस लबाड्यास पोंचला. वाट नव्हतीच, ती सैन्यानें आधीं तयार करावयाची आणि मग त्याच सैन्यानें जवळजवळ सारें अंतर दऱ्याखोऱ्यांतून तोफा हातांनीं ओढावयाच्या. ओढणाऱ्या हातांत बरेचसे हात मद्रासी पलटणींतील आपल्याच देशबांधवांचे होते, हें येथें विसरतां येत नाहीं.

त्या रात्रीं उत्तरेस दोन मोर्चे उभे राहिले. एकांत दोन अठरापौंडी व तीन बारापौंडी बिडाच्या तोफा, त्या खिंडार पाडण्यासाठीं. दुसऱ्यांत दोन पितळी बारापौंडी व दोन उखळी तोफा, त्या तटावरील बचाव मोडण्यासाठीं. दक्षिण दरवाजाखालीं वेलस्लीनेंहि दोन बिडाच्या व दोन पितळी अशा चार बारापौंडी तोफा मांडल्या. १३ तारखेस सकाळीं सर्वांनीं तोंडें उघडलीं. दक्षिणेकडील तटास त्या चार तोफांनीं खिंडार पडलें नाहीं. तेथील माऱ्याचा उपयोग शत्रूचें लक्ष वेधून ठेवण्यापुरता झाला. उत्तरेकडील भिंत मात्र १४ तारखेच्या रात्रीपर्यंत चढण्याजोगी ढासळली.

परंतु येथेंच तोफेची मर्यादाहि दिसून आली. १५ तारखेस सकाळीं इंग्रजी फौज खिंडारांतून बाहेरच्या किल्ल्यांत शिरली, तों पुढें खोल दरी व तिच्यापलीकडे आंतल्या किल्ल्याची अभंग भिंत ! ती भिंत कोणत्याहि तोफेनें फोडली नाहीं. कॅप्टन कॅम्बेल व त्याचे शिपाई शिड्या लावून तीवर चढले आणि त्यांनीं आंतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढतां लढतां पडला. त्याच्यासह गडावरील असंख्य माणसें कापलीं गेलीं. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरास, देवगांवचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें व निजामाकडे आलें. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र तेव्हां भोसल्यांकडे राहिले.

पुढें एकोणिसाव्या शतकांत नळीच्या आंत पेंचदार खांचा पाडून गोळी फिरती ठेवण्याची युक्ति सैन्यांतून सर्रास रूढ झाली व नेमाचा पल्ला कितीतरी वाढला. आज हजार यार्डांवरील लक्ष्य भेदणारे नेमबाज आहेत. पण निवडीचा पेंच त्यांनाहि सुटलेला नाहीं. मोठ्या तोंडाच्या रायफलीची जड, लांबट गोळी आपला वेग टिकवून धरते व वाऱ्यानें कमी ढळते. तथापि तिचा धक्काहि खांद्यास मोठा बसतो. आणि धक्क्याच्या धास्तीनें चाप ओढतांनाच हात कांपला, तर गोळीचे सारे गुण वायां जातात. म्हणून जाणता नेमबाज आधीं अंतर पाहतो, मग आपला खांदा पाहतो आणि शेवटीं रायफलीचें तोंड पाहतो.

तेव्हां गाविलगडास जाल त्या वेळीं तेथील तोफेचें तोंड अवश्य पाहा. परंतु तेवढ्यावर परत फिरूं नका. उत्तरेच्या तटावर जाऊन लबाड्याच्या धारेकडे नजर टाका, आणि दोन टनांचें बीड त्या धारेपर्यंत माणसांनीं कसें ओढून आणलें असेल, याचा विचार करा. बुरुजावरची तोफ बुरुजाशीं बांधलेली असते. बाजू निवडण्याचें स्वातंत्र्य चालून येणाऱ्यास असतें. वऱ्हाडच्या त्या पराभवाचें एक कारण तुम्हांस तेथें, कोणीं न सांगतां, डोळ्यांसमोर दिसेल.