सशाची शिकार आणि खिशातली चिठ्ठी

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

काही वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅम परगण्यातल्या एका लहान गावात दीड वर्ष राहिलो. एकेकाळी कोळशाच्या खाणीवर जगलेलं गाव, खाण कधीच बंद पडलेली. शेजारी एक निवृत्त खाणकामगार राहायचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे दोन कुत्री होती. एक बुटका, राठ केसांचा बॉर्डर टेरियर. दुसरी उंच, सडपातळ कुत्री, बेडलिंग्टन टेरियर आणि ग्रेहाउंड यांच्या संकरातली. अशा संकराला तिकडे लर्चर म्हणतात. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "रात्री ससे मारायला येतोस का?" गेलो.

या शिकारीला अंधारी आणि वाऱ्याची रात्र लागते. चांदणं असेल तर ससा लांबूनच माणूस ओळखतो, आणि वारा नसेल तर पावलं ऐकतो. वारा तोंडावर घेत चालायचं. दिव्याचा झोत कुरणावरून सावकाश फिरवायचा. बिळापासून लांब चरत असलेल्या सशाचे डोळे झोतात चमकतात. काही ससे जागच्या जागी दबून बसतात, काही पळ काढतात. मग लर्चर सोडायची आणि झोत सशावरून हलू द्यायचा नाही, कारण कुत्रीला दिसतं ते तेवढंच. ससा काटेरी झुडपात घुसला की पाळी येते छोट्या टेरियरची. तो आत शिरून त्याला बाहेर काढतो. कुत्रीने ससा जिवंत आणून दिला की म्हातारबा एका हिसक्यात त्याची मान मोडायचे. त्या रात्री पाच ससे मिळाले. मला पहिला बघवला नाही, हे कबूल करतो.

परत येताना रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. दोन माणसं, दोन कुत्री, दिवा, पिशवीत ससे. म्हातारबांनी काही न बोलता आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढला. ज्याच्या शेतात आम्ही गेलो होतो त्या शेतकऱ्याने सहीनिशी दिलेली परवानगी. पोलिसाने टॉर्चच्या उजेडात ती वाचली, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी गेली.

मी विचारलं, हे दर वेळी बरोबर ठेवता? ते म्हणाले, "दिवा विसरला तर परत येऊन नेता येतो. चिठ्ठी विसरून चालत नाही." त्यांच्या आजोबांनी एका सशापायी तुरुंग पाहिला होता.

तेव्हापासून मी या चिठ्ठीचा इतिहास शोधत गेलो. त्यात शिकार कमी आणि जमिनीची मालकी जास्त निघाली.

आधी एक खुलासा. मराठीत आपण दोन प्राण्यांना ससाच म्हणतो. आपल्या माळावरचा रानससा बीळ करत नाही, उघड्यावर ढेकळाच्या आडोशाला बसतो. इंग्लंडमधला हा ससा बिळं खणून कळपाने राहतो, आणि तो मुळात तिथला नाहीच. बाराव्या शतकाच्या सुमारास नॉर्मन सरदारांनी तो मांसासाठी आणि केसाळ कातड्यासाठी आणून वाढवला. मातीचे उंचवटे रचून त्याला तयार बिळं करून दिली, राखायला माणसं नेमली. अशा जागेला वॉरन म्हणत. आपल्या जमिनीवर ससे आणि इतर लहान शिकार राखून ठेवायचा हक्क राजाकडून मिळवावा लागे. ससा ही श्रीमंतांच्या ताटातली चीज होती.

१३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. सेंट ऑल्बन्स या गावची जमीन तिथल्या मठाच्या ताब्यात होती, आणि मठाच्या वॉरनमधले ससे गावकऱ्यांना वर्ज्य होते. बंडखोरांनी एक जिवंत ससा पकडला, मिरवत गावात आणला आणि गुन्हेगारांना शिक्षा देण्याच्या खोड्यावर बांधला. आता शिकारीचा हक्क आमचा, ही त्यांची जाहीर घोषणा. बंड मोडलं. पण राज्यकर्ते ससा विसरले नाहीत. १३९० साली कायदा आला: वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसेल त्याने शिकारी कुत्रा, मुंगसासारखं फेरेट किंवा जाळं बाळगायचं नाही. कारणही कायद्यातच दिलं होतं. सणावाराला भले लोक चर्चमध्ये असताना हे लोक कुत्री घेऊन शिकारीला जातात आणि तिथे जमून कट करतात. म्हणजे भीती सशाच्या मरणाची नव्हती, गरिबांनी एकत्र येण्याची होती.

१६७१ च्या कायद्याने अट आणखी वर नेली. शिकार करायला साधारण वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. त्या काळी परगण्याच्या निवडणुकीत मत द्यायला २ पौंडांची जमीन पुरे. म्हणजे खासदार निवडायला लागायची त्याच्या पन्नासपट जमीन शिकारीला! याच कायद्याने जमीनदारांच्या राखणदारांना लोकांच्या घरात शिरून कुत्री जप्त करायचा अधिकार दिला, आणि त्या यादीत लर्चर नावानिशी आहे. कुत्र्याची जात कायद्यात गुन्हेगार ठरली.

१७२३ चा 'ब्लॅक ॲक्ट' तर हद्द होती. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू. तिकडे रानात शिरणारे लोक ओळख पटू नये म्हणून स्वतःच फासत. तोंड काळं करून, हत्यार घेऊन सशांच्या राखीव जागेत नुसतं सापडलं तरी फाशीची तरतूद झाली. हा कायदा बहुतांशी रद्द व्हायला १८२३ साल उजाडलं.

मधल्या शंभर वर्षांत एक मोठी गोष्ट घडली होती. गावांची सामाईक कुरणं आणि पडीक जमिनी संसदेच्या कायद्यांनी कुंपणात गेल्या. गाय बांधायची जागा गेली, सरपण गेलं. शेतमजुराच्या पोटात पाव, बटाटा आणि पातळ चहा. आणि कुंपणापलीकडे ससे उड्या मारताहेत! जमीनदार तारेला पाय लागताच आपोआप उडणाऱ्या बंदुका रानात लावून ठेवत. १८२७ साली त्यांवर बंदी आली. लगेच पुढच्या वर्षी रात्रीच्या शिकारीचा खास कायदा आला. रात्री दुसऱ्याच्या जमिनीवर ससा मारला तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्या वेळी सहा, तिसऱ्या वेळी सात वर्षं काळं पाणी. गंमत म्हणजे १८३१ च्या शिकार कायद्यात 'शिकारीचे प्राणी' कोणते याची यादी आहे, आणि हा ससा त्यात नाही. शिकारीच्या व्याख्येत नाही, पण शिक्षेच्या कायद्यात आवर्जून आहे. १८२८ चा तो कायदा शिक्षा बदलून आजही लागू आहे. रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एका तासापर्यंत, ही व्याख्याही त्यातलीच.

१८६२ साली पोलिसांना रस्त्यावर संशयिताची झडती घ्यायचा अधिकार मिळाला. आम्हाला थांबवलं गेलं त्याचं मूळ तिथे आहे.

चिठ्ठीचं मूळ मात्र १८८० सालात आहे. तोवर कूळ म्हणून जमीन कसणाऱ्यालाही आपलं पीक खाणारा ससा मारायचा हक्क सहसा नसे, करारात तो मालक स्वतःकडे ठेवी. ग्लॅडस्टनच्या सरकारने कुळाला हा हक्क दिला आणि तो कुठल्याही कराराने काढून घेता येणार नाही असंही लिहिलं. कुळाने दुसऱ्या माणसाला ही परवानगी द्यायची तर ती लेखी हवी, आणि मालकाने विचारलं तर कागद दाखवलाच पाहिजे. नाहीतर परवानगी नाहीच असं धरायचं. पाचशे वर्षांच्या भांडणानंतर गरिबाच्या हातात पडलं ते एवढं: एक कागद.

पुढचं थोडक्यात. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग फ्रान्समधून केंटमध्ये पोचला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक सगळे ससे मेले. लोकांनी सशाचं मांस खाणंच सोडलं. ससे पुन्हा वाढले, पण आता तो गरिबाचा घास राहिला नाही, पिकाची कीड ठरला. २००४ च्या कायद्याने कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदी घातली, तेव्हा उंदीर आणि हा बिळातला ससा वगळला. अट तीच: जमीन तुमची हवी किंवा मालकाची परवानगी.

मी रात्रीच्या चोरट्या शिकाऱ्यांना हुतात्मे करत नाहीये. त्यांनी राखणदारांचे खून केलेत. आजही रानसशांमागे कुत्री सोडून सट्टा लावणाऱ्या टोळ्या शेतकऱ्यांना धमकावतात, पिकं तुडवतात. म्हणूनच २०२२ मध्ये तिकडे शिक्षा वाढल्या, आणि ते बरोबरच झालं. प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर चिठ्ठी असो नसो, मान तशीच मोडते.

मग हे सगळं इथे का सांगतोय? कारण हेच इंग्लंड आपल्यावर राज्य करत होतं. त्यांचे साहेब उटीला शिकारी कुत्र्यांची टोळी घेऊन कोल्ह्यांमागे घोडे दौडवत. तो खेळ होता. आणि फास लावून तितर आणि ससे धरणारा फासेपारधी? १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. नावनोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. तारांच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट अनेकांना ऐकून माहीत असेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पारध्यांना जवळ करून कामं दिली, पण असे राजे किती? हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा मारणंही गुन्हा झालं. ते योग्यच आहे, शिकार पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. पण पोटाचा एक धंदा बंद करताना दुसरा कोणता दिला, हे कुणी विचारलं? माझ्या गावाकडे अजूनही कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते.

आणि कागद तिथेही आहेच. पारध्याच्या पोराला जातीचा दाखला हवा असेल तर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलंच असल्याचा पुरावा मागतात. ज्यांना एका जागी राहूच दिलं नाही, त्यांच्याकडे घराचा उतारा कुठून येणार? आजोबाचे ठसे सरकारने घेतले, हजेरी रोज सरकारने मांडली. ती दप्तरं सरकारचीच. मग नातवाच्या दाखल्यासाठी ती सरकारनेच शोधून का काढू नयेत?

तुमच्या तालुक्यात असं एखादं कुटुंब दाखल्यासाठी खेटे घालत असेल, तर एक दिवस त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊन बसा. एवढंच सांगायचं होतं.