फेब्रुवारीतले शंभर रुपये

मनीषनगरच्या आमच्या घरी दर फेब्रुवारीत पुतण्या पगारपत्रक पुढे करतो. "चाचा, व्यवसाय कर या महिन्यात तीनशे का?" हिशेब सोपा आहे. या कराची वर्षाची कमाल मर्यादा २,५०० रुपये. अकरा महिने दोनशे कापले, की फेब्रुवारीत तीनशे उरतात. हा कर आला कुठून, हे मात्र तो विचारत नाही.

तो आला दुष्काळातून. १९७२ साली गावेच्या गावे खडी फोडायला बसली होती. मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. पण पैसा? शेती सोडून इतर उत्पन्नावरचा आयकर केंद्राच्या हाती. राज्याला वाट दिली संविधानाच्या २७६व्या कलमाने. व्यवसाय कर उत्पन्नाशी संबंधित आहे, एवढ्या कारणाने तो अवैध ठरत नाही, असे त्यात लिहिले आहे. तेव्हा मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली ती दसपट झाली. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर लावला. त्याचा पैसा रोजगार हमीसाठी, आणि तेवढीच भर सरकारची. २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी कायदा लागू झाला आणि काम मागणे हा हक्क झाला. २००५ साली देशाने कायदा केला तो हाच धडा गिरवून.

नोकरदारांचा कौल मात्र कोणी घेतला नाही, निर्णय विधिमंडळाचा. आपल्याकडे जनमत कौल म्हटला की १९६७ चा गोव्याचा आठवतो, तोही विलीनीकरणावरचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आयकरावर चक्क मतदान होते. तिथे १९३२ साली लोकांनी होकार दिला, तर पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो कर रद्द केला. २०१० साली फक्त श्रीमंतांवर आयकर लावायचा प्रस्ताव होता. तोही मतदारांनी फेटाळला.

आपल्याकडे मतपेटी ठेवली असती तर? आमचे अब्बा शाळामास्तर. कपात सुरू झाल्यावर ते बरेच दिवस कुरकुरले, असे अम्मी सांगायची. त्यांचे मत 'नको'च पडले असते, असे मला वाटते. जालन्याकडचे मामू मात्र हमीच्या कामावर जायचे. आमच्याकडे आले की हसून म्हणायचे, "दुल्हाभाई, तुमचा पगार आमच्या पाझर तलावात मुरला."

अब्बा म्हणायचे, "मग पावती आण."