बागलाणचे राठोड

मोंगल तवारिखांत बागलाणच्या राठोड राजांना थोडकीच जागा मिळाली आहे. पण नाशिक जिल्ह्यांतील साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत त्यांचें चिमुकलें राज्य पिढ्यान्‌पिढ्या टिकलें. आणि तें कसें टिकलें, हा प्रश्न एखाद्या साम्राज्याच्या इतिहासाइतकाच विचार करण्याजोगा आहे.

किल्ले बळकट होते खरे. साल्हेरइतका उंच किल्ला सह्याद्रींत दुसरा नाहीं. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते या राज्याचे शेजारी. पश्चिमेस गुजराथ, पूर्वेस खानदेश, दक्षिणेस अहमदनगर. आणि या तिन्ही सुलतानांचें आपसांत क्वचितच पटलें. एकास खंडणी द्यावी, दुसऱ्याशीं गोड बोलावें, तिसऱ्याकडे लक्ष ठेवावें, अशी ही कसरत होती. तींत नेहमींच शोभा होती असें नाहीं. 1573 सालीं अकबर गुजराथेंत असतां त्याचा बंडखोर सरदार शर्फुद्दीन हुसेन मिर्झा बागलाणांत सांपडला. राजानें त्यास धरून बादशहाच्या स्वाधीन केलें. पुढें 1596 सालीं नारायणशहाच्या आश्रयानें रुद्रकवीनें ‘राष्ट्रौढवंश’ हें वीस सर्गांचें संस्कृत महाकाव्य रचलें. एवढ्याशा दरबारीं महाकाव्य म्हणून कोणी हंसूं नये; लहान राजासच आपल्या कुळाची थोरवी लिहवून ठेवण्याची निकड अधिक असते.

दूरच्या एडेसा नगरींतील थोरॉस या आर्मेनियन अधिपतीस ही कसरत साधली नाहीं. तुर्कांच्या भयानें त्यानें 1098 सालीं क्रुसेडवर निघालेल्या बाल्डविनास बोलावून दत्तक घेतलें. थोड्याच दिवसांत बंड होऊन थोरॉस मारला गेला व दत्तक पुत्र राज्याचा धनी झाला. बागलाणकरांनीं रक्षक म्हणून कोणास घरांत घेतलें नाहीं. त्यांचा घात निराळ्या वाटेनें झाला.

गुजराथ 1573 त मोंगलांकडे गेली, खानदेश 1601 त गेला. उरली निजामशाही. पारनेर-नगरकडचे आम्ही लोक तिच्या 1636 सालच्या अस्तास आपल्या घरची गोष्ट समजतों. पण खरी झळ मुल्हेरास लागली. आतां तिन्ही दिशांस शेजारी एकच उरला, आणि ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याचा आधार घ्यावा असा दुसरा कोणी नव्हता. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारी व्यापारी वाट या मुलखांतून जात असल्यामुळें त्यास तसेंच सोडून देणें मोंगलांस परवडणारें नव्हतें. दोनच वर्षांत, 1638 सालीं, दक्षिणेचा सुभेदार औरंगजेब याच्या फौजेनें मुल्हेरास वेढा घातला. भैरजी राजानें आपल्या आईस तहाच्या बोलण्यासाठीं पाठविलें, किल्ले स्वाधीन केले आणि तीन हजारांची मनसब व सुलतानपूर परगणा पत्करला. मुल्हेरचें नांव औरंगगड ठेवण्यांत आलें.