कामाक्षीबाईसाहेबांचा दावा

तंजावर म्हटले की घरापासून दूर नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवरील प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि सरफोजी महाराज उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु माणसाचे काही हक्क राजसत्तेच्याही आधीचे असतात, या विचाराच्या इतिहासातही तंजावरच्या भोसल्यांचा दोनदा संबंध येतो, आणि त्याकडे आमचे सहसा लक्ष जात नाही.

या विचाराचे मूळ फार जुने. मनुष्याने केलेल्या कायद्यांच्या वर एक सृष्टिनियम आहे, असे ग्रीक स्टोइक पंथाने मानले. रोमच्या सिसेरोने ते आपल्या ग्रंथांत मांडले. पुढे ग्रोशियस या डच पंडिताने १६२५ साली युद्ध आणि तह यांचे नियम त्याच पायावर रचले. जॉन लॉकने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राज्याच्या आधीचे ठरवले. मालमत्तेचे रक्षण व्हावे यासाठीच माणसे राज्य स्थापतात, हे त्याचे म्हणणे आमच्या कथेला फार जवळचे आहे.

१७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि तुळजाजीराजांना कैद केले. १७७६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी त्यांना गादी परत दिली. त्याच वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांनी पिगटना अटकेत टाकले आणि १७७७ साली ते त्याच अवस्थेत वारले. या राजांची बाजू मांडण्याचे काम विल्यम बर्क यांच्याकडे आले, आणि त्यांचे आप्त एडमंड बर्क या प्रकरणात गुंतले. याच एडमंड बर्क यांनी १७८३ साली पार्लमेंटात सांगितले की मानवजातीचे नैसर्गिक हक्क पवित्र आहेत, पण कंपनीची सनद त्या जातीची नव्हे. ती मक्ता आणि सत्ता देते, आणि सत्ता ही विश्वस्ताची ठेव असते. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी हेच गृहस्थ अमूर्त हक्कांच्या भाषेवर तुटून पडले, हा भाग निराळा.

दुसरा प्रसंग अधिक जिव्हारी लागणारा आहे. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले. कंपनीने राज्य संपुष्टात आल्याचे ठरवले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्स यांनी सैन्यासह वाड्यात शिरून खाजगी मालमत्तेवरही मोहरा लावल्या. राज्य गेले तरी पतीची खाजगी दौलत विधवेची, हे सांगायला लॉक वाचावा लागत नव्हता. हिंदू धर्मशास्त्र तेच सांगत होते. वडील राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. निकाल राणीसाहेबांच्या बाजूने लागला.

कंपनीचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८५९ साली लॉर्ड किंग्सडाउन यांनी निर्णय दिला. कंपनीला ही मालमत्ता घेण्याचा कायदेशीर आधार कागदपत्रांत सापडणे फार कठीण आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र जप्ती हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालय त्याचा विचार करू शकत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. लॉकच्याच देशात, मालमत्तेच्याच प्रश्नावर! हक्क नाही असे कोणी म्हटले नाही, पण तो ऐकून घेणारे दार मात्र बंद झाले. आमच्या मते पराभवापेक्षा हे अधिक क्रूर होते.

१८६२ साली सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. न्यायालयाच्या हुकुमाने नव्हे, आपल्या मर्जीने. मग वाटणीवरून राण्यांमध्येच खटला उभा राहिला, त्याचा निकाल मद्रास हायकोर्टात १८६८ साली लागला. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह १९१८ साली सार्वजनिक झाला.

पण निर्णयाचा अंमल संपला नाही. संत्रामपूर संस्थानाच्या राजाने विलीनीकरणापूर्वी दिलेल्या जंगलहक्कांचा वाद १९६४ साली स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात आला. नव्या सत्तेने मान्य केल्याशिवाय जुने हक्क न्यायालयात चालत नाहीत, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदवले. त्या चर्चेत तंजावरचा खटला पुन्हा आला. राणीसाहेबांचे नाव इंग्रज लेखनिकाने १८५९ साली जसे वेडेवाकडे उतरवले होते, तसेच, 'कामाची बोये साहाबा' असे, ते कायद्याच्या पुस्तकांत आजही छापलेले आहे.