गाडीतील संगीताचे १२ व्होल्ट कोठून आले?

१/८ गाडीत मोठी साउंड सिस्टिम बसवताना पहिला प्रश्न असतो: बॅटरी किती व्होल्टची हवी? कारसाठी उत्तर ठरलेले आहे, १२. मात्र हा आकडा संगीतासाठी कुणी निवडला नव्हता. त्यामागचा इतिहास पाहू. #थ्रेड

२/८ १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिचा एक सेल सुमारे २ व्होल्टचा. तीन सेल जोडले की ६, सहा जोडले की १२, बारा जोडले की २४. वाहनांच्या बॅटऱ्यांचे आकडे या पाढ्यातून आले.

३/८ १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळी बहुतेक अमेरिकी मोटारी ६ व्होल्टच्या होत्या. रेडिओच्या व्हॉल्व्हना मात्र त्याहून कितीतरी अधिक दाब लागे. आरंभी त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. पुढे ‘व्हायब्रेटर’ आला: प्रवाह वेगाने तोडून-जोडून तो ट्रान्सफॉर्मरद्वारे दाब वाढवी.

४/८ १९५० च्या दशकात इंजिने अधिक शक्तिशाली झाली, त्यांना सुरू करणे जड जाऊ लागले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो. म्हणून अमेरिकी कंपन्या १२ व्होल्टकडे वळल्या. याच दशकात ट्रान्झिस्टरचा कार-रेडिओ आला आणि व्हायब्रेटरची गरज संपली. रेडिओने गाडीशी जुळवून घेतले, गाडीने रेडिओशी नव्हे.

५/८ १९९० च्या दशकाअखेरीस युरोप-अमेरिकेत ४२ व्होल्टची योजना गाजत होती. २००१ मध्ये आपल्या शहरालगत शेंद्र्यात स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, ती मात्र १२ व्होल्टचीच. ४२ ची योजना वाढत्या खर्चामुळे आणि स्विचमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांच्या अडचणीमुळे मागे पडली.

६/८ मग मोठा आवाज कसा निघतो? इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्ट देतो. थेट त्यावर ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम २० वॉट मिळतात. म्हणून मोठे ॲम्प्लिफायर आतल्या आत दाब वाढवतात. व्हायब्रेटरचेच काम, आता ट्रान्झिस्टरकरवी.

७/८ वाळूज-शेंद्र्याच्या रस्त्यांवरील मोठे ट्रक २४ व्होल्टचे. त्यांत १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. कारचा स्टिरिओ थेट २४ वर जोडला तर जळू शकतो. दोहोंपैकी एकाच बॅटरीवर जोडला तर ती उपाशी राहते, दुसरी अतिचार्ज होते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. तेथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच हवा.

८/८ सारांश: व्होल्ट वाहन ठरवते, आपण निवडायची ती बॅटरीची क्षमता, तारेची जाडी आणि फ्यूज. ६०० वॉट खेचणारी यंत्रणा १२ व्होल्टवर ५० अँपिअर मागते. बारीक तार तेवढ्याने वितळते, आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. १९५० च्या दशकात मोटारकंपन्यांना पडलेला प्रश्नही हाच होता: एवढा प्रवाह तारेतून न्यायचा कसा?