बेडका पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली? जुन्या खोकल्याच्या रुग्णांनी अंगावर काढू नये

बीड : दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. पहाटेची थंडी, कोपीतला चुलीचा धूर आणि फडातली धूळ यामुळे अनेकांचा जुना खोकला उसळतो. गावात याला सरसकट 'दमा' म्हणतात. मात्र चाळिशीनंतर सुरू झालेला, कायमचा खोकला, बेडका आणि चालताना लागणारी धाप हा बऱ्याचदा 'सीओपीडी' हा फुप्फुसाचा आजार असतो. तो फक्त बिडीमुळेच होतो असे नाही. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनाही होतो.

शरीर जंतूंशी कसे लढते?
श्वासनळीला आतून केसांसारखे बारीक तंतू असतात. ते धूळ आणि जंतू कफासोबत वर ढकलतात. धुराने हे तंतू खराब होतात, कफ साचतो आणि त्यात न्यूमोकोकससारखे जंतू वाढतात. जंतू गिळणाऱ्या फुप्फुसातल्या पेशीही या आजारात कमजोर पडतात. मग रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज येते. बेडक्याला हिरवट रंग येतो तो याच पेशींमुळे. अडचण अशी, की या पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी जंतूंसोबत फुप्फुसालाही इजा होते. त्यामुळे आजार वारंवार उसळला, की दम आणखी कमी होत जातो.

काय करावे?
- बेडका वाढला, रंग बदलला आणि धापही वाढली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक लागेल की नाही, हे तेच ठरवतील. प्रत्येक उसळी जंतूंचीच नसते, काही विषाणूंमुळेही असतात.
- मेडिकलवरून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. आधी बरे वाटते. पण सतत घेतल्यास प्रतिकारशक्ती घटते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.
- इनहेलरची सवय लागते, हा गैरसमज आहे. कारखान्यावर जाताना तो सोबत ठेवा.
- फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडका तपासा. ही तपासणी मोफत आहे.

ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पूर्ण होईना किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करून बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.